जीवाश्म बुरशीच्या बीजाणूला नाव देताना: लिग्नाइटच्या ढेकळापासून नोंदणी क्रमांकापर्यंत

रत्नागिरीच्या लिग्नाइटमधल्या बुरशीच्या बीजाणूंवरचा आमचा लेख एकदाचा स्वीकारला गेला. त्यात नवी जाती एकच आहे. बाकीच्यांना जुनीच नावं लागली किंवा त्यांना मुद्दाम बिननावाचं ठेवलं. परागविज्ञानात काम करणारे बरेच जण स्लाइडवर तपकिरी बीजाणू दिसले की ‘फंगल स्पोअर्स’ असा एकच रकाना भरून पुढे सरकतात. त्यांना दोष देता येत नाही. नावं शेकड्यांनी आहेत, अर्धी जुन्या लेखांत पुरलेली आहेत, आणि नियम जीवाश्मांचे वेगळे, बुरशीचे वेगळे, दोन्ही एकाच वेळी लागू. कुठल्या पायरीला किती वेळ जातो आणि कुठे गाडी अडते ते क्रमाने लिहितो आहे.

नमुने: मे २०२२

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या थराखाली कार्बनयुक्त चिकणमाती आणि लिग्नाइट सापडतं. भूवैज्ञानिक त्याला सिंधुदुर्ग फॉर्मेशन म्हणतात; वय मायोसीन, म्हणजे लाखो वर्षांपूर्वीचा काळ. बऱ्याच ठिकाणी हा थर विहीर खणतानाच दिसतो, म्हणून नमुने काढायचे तर पाणी तळाला गेलेलं असताना, मिरगाच्या आत. विहीर खाजगी असते. कॉलेजच्या लेटरहेडवर मालकाच्या नावाने पत्र नेलं की बोलणं सोपं होतं, आणि ‘कोळसा किती निघेल?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं.

उघडा पडलेला पृष्ठभाग वीतभर आत खरवडून मगच नमुना घ्यायचा. खालून वर जायचं, म्हणजे वरची माती पडून खालचा नमुना खराब होत नाही. प्रत्येक थराचे २०० ग्रॅम भरपूर झाले. आजची मुळं दिसली तर ते ढेकूळ टाकून द्यायचं. मुळांबरोबर आजची बुरशी येते.

खरा धोका पिशवीत असतो. ओलं लिग्नाइट झिपलॉकमध्ये बंद केलं की थोड्याच दिवसांत त्यावर आजची बुरशी उगवते, आणि मग स्लाइडवरचे बीजाणू कोणत्या काळचे हे सांगता येत नाही. मुक्कामी पोचल्यावर वर्तमानपत्रावर न पसरता कोऱ्या कागदावर पसरून सावलीत वाळवावं, प्रयोगशाळेत ५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावं आणि मग सील करावं. लिग्नाइटमध्ये पायराइट असतं. ते हवेत कुजून आम्ल सुटतं आणि आत टाकलेली कागदी चिठ्ठी खाऊन टाकतं. चिठ्ठी स्वतंत्र छोट्या पिशवीत, पेन्सिलीने लिहिलेली, आणि तोच क्रमांक बाहेर मार्करने.

खरेदी आणि आम्लं: जून ते नोव्हेंबर २०२२

सगळ्यात जास्त वेळ हायड्रोफ्लुओरिक आम्लाने (एचएफ) खाल्ला. रसायन महाग नाही. अर्ध्या लिटरची बाटली तेव्हा हजाराच्या आतबाहेर यायची. पण इंडेंट (खरेदीची मागणी), तीन कोटेशनं, ‘जेम’ या सरकारी ऑनलाइन बाजारावर उपलब्ध नसल्याचा दाखला, खरेदी समितीची सही, असं करत पावसाळा संपला. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी नमुने आणण्याच्या आधी इंडेंट टाकावं. त्याच इंडेंटमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल, निओप्रिनचे जाड हातमोजे आणि पॉलिप्रॉपिलीनचे बीकर लिहावेत. नंतर वेगळे मागितले की पुन्हा तीन कोटेशनं.

एचएफविषयी दोन वाक्यं लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते कातडीवर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखत नाही, आत शिरून ऊतींमधलं कॅल्शियम बांधतं आणि तासांनी त्रास सुरू होतो. म्हणून फ्यूमहूड चालू नसेल तर बाटली उघडायची नाही, एकट्याने काम करायचं नाही आणि जेल कपाटात कुलपाबंद न ठेवता हाताशी ठेवायचं. काचेचा एकही चमचा, कांडी, नळी जवळ नको, काच विरघळते. टाकाऊ आम्ल पाण्यात कालवलेल्या भरपूर चुन्यात हळूहळू ओतून निष्प्रभ करायचं.

आता प्रत्यक्ष कृती. १० ग्रॅम नमुना वाटाण्याएवढा फोडायचा. खलबत्त्यात पूड केली तर बहुपेशी बीजाणू मोडतात आणि चार पेशींच्या जागी दोन-दोन पेशींचे तुकडे मिळतात; ते पुढे वर्गीकरणात खोटे वंश निर्माण करतात. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं, धुवायचं. मग ४० टक्के एचएफमध्ये तीन-चार दिवस, दिवसातून दोनदा प्लास्टिकच्या कांडीने ढवळून. पुन्हा पाण्यातलं आम्ल पूर्ण जाईपर्यंत धुणं, दर वेळी गाळ खाली बसण्याची वाट पाहत. चिकणमाती जास्त असेल तर एचएफचा दुसरा हात द्यावा लागतो.

इथून परागकणांची आणि बुरशीची वाट वेगळी होते, आणि तेच बहुतेक पुस्तिकांत नसतं. लिग्नाइटमधले परागकण मोकळे करायला नायट्रिक आम्ल आणि त्यामागून पोटॅशियम हायड्रॉक्साइड (केओएच) देतात. बुरशीच्या बीजाणूंच्या भित्तीत कायटिन आणि मेलॅनिन असतं. एचएफला ते दाद देत नाहीत, पण नायट्रिक लांबलं तर गडद भित्ती फिक्या पडतात आणि पातळ भित्तीचे बीजाणू, कवकतंतूंचे (बुरशीच्या धाग्यांचे) नाजूक तुकडे निघून जातात. म्हणून एचएफनंतर गाळाचे दोन भाग करावेत. एकाला नेहमीची नायट्रिक-केओएच प्रक्रिया, दुसऱ्याला नुसतं ५ टक्के केओएच, कोमट, दहा मिनिटं. दुसऱ्या भागात ह्यूमिक कचरा जास्त राहतो, स्लाइड घाण दिसते, पण रंग आणि छिद्रांच्या कडा शाबूत असतात. असिटोलिसिस, म्हणजे परागकण स्वच्छ करायची नेहमीची आम्ल-प्रक्रिया, आम्ही टाळलं. त्याने आधीच तपकिरी असलेली भित्ती आणखी काळवंडते.

गाळणी १० मायक्रॉनची नायलॉन जाळी. लहान एकपेशी बीजाणू तिच्यातून निसटतात, तेव्हा खाली गेलेलं पाणी ओतून देण्याआधी त्याचाही एक थेंब बघावा. आणि प्रत्येक तुकडीबरोबर एक बीकर रिकामा चालवायचा: नमुना नाही, बाकी सगळी रसायनं, सगळं धुणं, शेवटी स्लाइडसुद्धा. प्रयोगशाळेच्या हवेत अल्टरनेरिया आणि क्लॅडोस्पोरियम सतत तरंगत असतात. रिकाम्या बीकरच्या स्लाइडवर जे दिसलं ते नमुन्यात दिसलं तरी मोजायचं नाही. पुढे रिव्ह्यूअरने पहिला प्रश्न हाच विचारला.

स्लाइड पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये पसरून, वाळवून, कॅनडा बाल्सममध्ये बसवली. ग्लिसरीन जेलीत काम लवकर होतं आणि बीजाणू सुईने उलटापालटा करता येतो, म्हणून अभ्यासासाठी ती चांगली. पण जेली वाळते, बीजाणू सरकतो. ज्या बीजाणूवर नाव टांगायचं आहे तो कायमच्या माउंटमध्येच हवा. सॅफ्रॅनिनने रंगवलेल्या स्लाइडवर बुरशीचा स्वतःचा रंग कळत नाही. निम्म्या स्लाइड बिनरंगाच्या ठेवाव्यात.

सूक्ष्मदर्शकाखाली: २०२३

पहिला प्रश्न, हे बुरशीचं आहे का? गडद, गोल, छिद्र नसलेली वस्तू शैवालाचं कोष्ठ असू शकते, एखाद्या सूक्ष्म प्राण्याचं अंडं असू शकतं. पर्मियन काळाच्या शेवटी जगभर वाढलेल्या रेडुवियास्पोरोनाइट्सवर तज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले, एका बाजूला बुरशी आणि दुसऱ्या बाजूला शैवाल. इतक्या मोठ्या नावाच्या वस्तूचं हे, तर आपल्या स्लाइडवरच्या एकुलत्या एका गोळ्याची काय कथा. आडपडदे (पेशींमधल्या आडव्या भित्ती), आडपडद्यातलं छिद्र, जोडणीचा व्रण किंवा चिकटलेला कवकतंतू, यातलं काहीतरी दिसल्याशिवाय आम्ही वस्तू यादीत घेतली नाही.

दुसरा प्रश्न, हा जीवाश्म आहे का? जीवाश्म बीजाणू बहुधा चपटा झालेला असतो, आत काही नसतं, कडेला घडी असते. आजचा बीजाणू फुगीर, कधीकधी आत द्रव्य किंवा तेलाचे थेंब असलेला.

मग वर्णन. आमच्या नव्या जातीचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. चार पेशी एका ओळीत, लांबी ४०च्या पुढे, रुंदी १५ मायक्रॉनच्या आसपास. मधल्या दोन पेशी गडद तपकिरी, टोकाच्या फिक्या. शंभराच्या ऑइल भिंगाखाली आडपडद्यावर फोकस केला की पडदा सलग काळा दिसतो. फोकस किंचित खाली नेला की त्याच पडद्याच्या मधोमध एक उजळ फट उघडते आणि तिच्या दोन्ही ओठांवर काळी जाड कड दिसते. हे आडपडद्याचं छिद्र. एकाच फोकसवर फोटो काढला असता तर ‘आडपडदा अखंड’ असं लिहिलं गेलं असतं आणि वर्णन चुकलं असतं. म्हणून प्रत्येक नमुन्याचे निदान पाच-सहा फोकसचे फोटो, खालून वर, क्रमांक घालून.

टोकाचं भोक हे छिद्र आहे की मोडलेली जागा, यावर सगळं वर्गीकरण उभं आहे. खऱ्या छिद्राची कड गोल, बहुधा जाड, आणि प्रत्येक नमुन्यात त्याच जागी असते. मोडलेली कड दातेरी, जागा दर वेळी वेगळी. घडीसुद्धा फसवते. एकपेशी बीजाणूवर लांबट घडी पडली की तो फट असलेल्या हायपोझायलोनाइट्ससारखा दिसतो. घडी भित्तीच्या कडेपर्यंत जाते, तर खरी फट आधीच थांबते. एका नमुन्यावरून ठरवू नये. वीस-पंचवीस बघितले की संशय आपोआप गळतात.

लांबी, रुंदी, भित्तीची जाडी, आडपडद्याची जाडी, छिद्राचा व्यास, पेशींची संख्या, रंग, भित्तीवरची नक्षी: तक्ता पहिल्या दिवसापासून करावा. आणि प्रत्येक ओळीत स्लाइड क्रमांक व इंग्लंड फाइंडरचा निर्देशांक. ही आखलेली काचपट्टी आयात करावी लागते आणि किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. आम्ही दुसऱ्या विभागाकडून मागून आणली. नुसतं स्टेजवरचं रीडिंग लिहिलं तर तो बीजाणू फक्त तुमच्याच सूक्ष्मदर्शकावर सापडतो, आणि तोही सर्व्हिसिंग होईपर्यंत.

वर्गात बसवणं

बुरशीचं आजचं वर्गीकरण डीएनए आणि प्रजननाच्या अवस्था बघून होतं. लिग्नाइटमधल्या सुट्या बीजाणूकडे यातलं काहीच नसतं. शिवाय एकच बुरशी दोन-तीन प्रकारचे बीजाणू बनवते, आणि एकमेकींशी संबंध नसलेल्या बुरश्या सारखेच बीजाणू बनवतात. तेव्हा जीवाश्म बीजाणूचा वंश म्हणजे आकाराचा कप्पा आहे, कुळाचं नातं नव्हे. हे पचायला वेळ लागतो. त्याच कारणाने आम्ही वरच्या श्रेणीत बहुतेकांना ‘स्थान अनिश्चित’ लिहिलं. अ‍ॅस्कोमायकोटा हा बुरश्यांचा मोठा गट लिहिण्याचा मोह होतो, पण पुरावा नसतो.

कप्पे पाडण्याची पद्धत मुळात साकार्डो या इटालियन बुरशीतज्ज्ञाची, पेशी किती आणि मांडणी कशी यावर. व्हान डर हॅमेन यांनी १९५४ मध्ये कोलंबियातल्या नमुन्यांवरून छिद्रांची संख्या धरून वंश केले. क्लार्क १९६५, एल्सिक १९६८, शेफी आणि डिल्चर १९७१ यांनी ती चौकट भरत नेली. रोजच्या कामाला लागतात ते कप्पे थोडक्यात असे. एक पेशी, छिद्र नाही: इनॅपर्टिस्पोराइट्स. एक पेशी, एक छिद्र: मोनोपोरिस्पोराइट्स, दोन छिद्रं: डायपोरिस्पोराइट्स. दोन पेशी, छिद्र नाही: डायसेलीस्पोराइट्स, एक छिद्र: डिडिमोपोरिस्पोरोनाइट्स, दोन्ही टोकांना छिद्र: डायाडोस्पोराइट्स, लांबीच्या दिशेने कंगोरे असतील तर फ्यूजिफॉर्मिस्पोराइट्स. एका ओळीत बऱ्याच पेशी, एक छिद्र: प्लुरिसेलीस्पोराइट्स, दोन्ही टोकांना छिद्र: डायपोरिसेलीस्पोराइट्स. वेटोळं: इन्व्होल्युटिस्पोरोनाइट्स. पेशी द्राक्षांच्या घडासारख्या अनियमित: स्टॅफ्लोस्पोरोनाइट्स.

बहुपेशी आणि बिनछिद्राच्या कप्प्यात मोठी गोम आहे. जुन्या भारतीय लेखांत हे सगळे मल्टिसेलीस्पोराइट्स म्हणून येतात. कळगुटकर आणि जॅन्सोनियस यांनी २००० साली सगळ्या जीवाश्म बुरशी-बीजाणूंचा जो आढावा छापला, त्यात मल्टिसेलाइट्स हा नवा वंश करून त्यातल्या बऱ्याच जाती तिकडे हलवल्या. त्यामुळे एकाच बीजाणूची दोन नावं दोन लेखांत सापडतात आणि नवखा माणूस दोन जाती मोजतो. हा आढावा आणि सक्सेना-त्रिपाठी यांची २०११ची भारतीय जीवाश्म बुरश्यांची सूची, ही दोन साधनं टेबलावर नसतील तर नाव द्यायला बसूच नये.

तरी मूळ लेख बघावेच लागतात. आढाव्यात वर्णन असतं, रेखाटन असतं, पण मूळ फोटोत छिद्र दिसतं की नाही हे मूळ पानावरच कळतं. १९७०-८०च्या दशकांतले काही अंक आमच्याकडे नव्हते. लखनौ, पुणे, मुंबई अशा ग्रंथालयांना पत्रं आणि ईमेल पाठवून स्कॅन मिळवण्यात २०२४ची पहिली सहामाही गेली. खर्च किरकोळ, झेरॉक्स आणि टपालाचा. वाटच फार बघावी लागते, तेव्हा हे काम आम्लं चालू असतानाच सुरू करावं.

तुलना करताना लक्षात आलं की बऱ्याच जाती केवळ पाच-सात मायक्रॉनच्या फरकावर उभ्या आहेत. कुणाला तीन नमुने मिळाले, कुणाला चार, आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत म्हणून दोन नावं. आमच्याकडच्या मोजमापांत एकाच ढेकळातून दोन्ही जातींची मापं सलग निघाली. अशा ठिकाणी आम्ही जुनं नाव विस्तृत अर्थाने वापरलं आणि मापांचा पल्ला स्पष्ट दिला. नवी जाती करण्यापेक्षा या कामाला कमी टाळ्या मिळतात, पण पुढच्याचा त्रास वाचतो.

आजच्या बुरशीशी तुलना कुठपर्यंत न्यायची हा वादाचा मुद्दा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम आहे. सह्याद्रीतल्या पानांवरच्या बुरश्यांचे नमुने बघायचे तर आधी लेखी विनंती करून वेळ घ्यावी लागते. पानांवर ढालीसारखी चपटी फळं करणाऱ्या बुरश्यांशी तुलना उपयोगी पडते. कॅलिमोथॅलस, फ्रॅग्मोथायराइट्स यांसारखे जीवाश्म दमट, पावसाच्या हवेचा पुरावा म्हणून धरले जातात. फ्रॅस्नाक्रिटेट्रस या जीवाश्म-वंशाचं उदाहरण आणखी बोलकं. टॉगर्दो यांनी १९६८ साली तो अ‍ॅक्रिटार्क (नातं न ठरलेला सूक्ष्म जीवाश्म) समजून नोंदवला. चार खांब आणि त्यांच्यावरची शिंगं बघितली की आजच्या टेट्राप्लोआ या बुरशीचा बीजाणू ओळखू येतो. १९८६ मध्ये सक्सेना आणि सरकार यांनी हिमाचलातल्या टर्शरी नमुन्यांवरून त्याचं वर्णन सुधारलं. आता तिथे आजचा वंश लिहायचा की जीवाश्माचा? संहिता (शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली) दोन्ही करू देते, पण दोन्ही एकच मानले तर आजच्या वंशाचं नाव टिकतं, जीवाश्माचं कितीही जुनं असलं तरी. आमचा कल जीवाश्म-वंशाकडे. आजचं नाव लिहिलं की वाचणारा त्यासोबत आजची परिस्थितीही गृहीत धरतो.

क्वाटर्नरी, म्हणजे भूशास्त्रातल्या सगळ्यात अलीकडच्या काळावर काम करणाऱ्यांना हा व्याप नको असतो. अ‍ॅम्स्टरडॅमच्या ह्यूगो द व्ह्रीस प्रयोगशाळेने त्यांच्यासाठी क्रमांकांची पद्धत रूढ केली: एचडीव्ही-११३ म्हणजे स्पोरोर्मिएला, एचडीव्ही-५५ए म्हणजे सोर्डारिया प्रकार, एचडीव्ही-२०७ म्हणजे ग्लोमस. तुमचा गाळ तळ्यातला आणि काही हजार वर्षांचा असेल तर क्रमांक वापरा, लॅटिनच्या वाटेला जाऊ नका.

नाव: २०२४ची दुसरी सहामाही

एवढं सगळं चाळून एक बीजाणू उरला जो कुठेच बसेना. संहितेला नव्या जातीसाठी एक नमुना पुरतो. आमचा स्वतःचा दंडक निदान दहा चांगले नमुने आणि एकाहून जास्त थर. ज्यांचे दोन-तीनच मिळाले ते ‘स्पीशीज ए’, ‘स्पीशीज बी’ असे वर्णन-फोटोसह ठेवले.

मसुद्यात काय असलंच पाहिजे ते सांगतो, कारण एकेका ओळीअभावी नाव अवैध ठरतं. वर्णन किंवा डायग्नोसिस (इतरांपासून वेगळं काय ते) इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये. जीवाश्मांसाठी हा नियम १९९६ पासून आहे. मराठीत कितीही नेटकं लिहिलं तरी ते यासाठी चालत नाही. मुख्य लक्षणं दाखवणारं चित्र किंवा फोटो. २००१ पासून त्यातला एक तरी फोटो होलोटाइपचाच (ज्या एका नमुन्यावर नाव टांगलेलं असतं त्याचाच) आहे असं चित्राखाली लिहावं लागतं. ‘चित्र ३, ५-९’ असा मोघम उल्लेख पुरत नाही. ‘होलोटाइप’ हा शब्द लिहिलेला हवा आणि तो कोणत्या एका संग्रहात ठेवला आहे तेही हवं. होलोटाइप म्हणजे स्लाइड नव्हे, स्लाइडवरचा तो एक बीजाणू. म्हणून निर्देशांक इतका महत्त्वाचा.

नावाचं व्याकरण सोपं आहे पण चुकतं. ‘-आइट्स’ने संपणारे वंश पुल्लिंगी धरायचे, मूळ लेखकाने काहीही धरलेलं असो. विशेषण-रूपातलं जातिनाम त्याच लिंगात हवं. ‘-एन्सिस’ लावून गावाचं नाव केलं तर पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूप एकच असल्याने जीव वाचतो. मात्र त्याच वंशात तेच नाव आधी कुणी वापरलेलं नाही ना, हे तपासायचं. कोकणातल्या गावांची नावं बरीच खर्ची पडली आहेत.

एक जाती एका वंशातून दुसऱ्यात हलवायची असेल तर मूळ नावाचा लेखक, वर्ष आणि नेमकं पान द्यावं लागतं. आमच्याकडच्या एका स्कॅनमध्ये पान क्रमांक कापला गेला होता आणि तेवढ्यासाठी ग्रंथालयाला पुन्हा पत्र गेलं. स्कॅन मागतानाच मुखपृष्ठ आणि पूर्ण पान मागा.

संग्रहालयाचा क्रमांक मिळायला आम्हाला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत थांबावं लागलं. अर्ज, नमुन्यांची यादी दोन प्रतींत, मार्गदर्शकांची सही, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, आणि स्लाइड प्रत्यक्ष जमा. क्रमांक आधी देत नाहीत. स्लाइड हातात पडल्यावर देतात. जमा करण्याआधी होलोटाइपचे सगळे फोटो झाले आहेत ना ते बघा, नंतर स्लाइड परत मिळायला नवा अर्ज. स्लाइड कुरियरने पाठवू नयेत, स्वतः न्याव्यात.

छपाई आणि नोंदणी: २०२५

लेखकांकडून पैसे न घेणारं नियतकालिक निवडलं. पहिला निकाल यायला चारेक महिने गेले. रिव्ह्यूअरांचे मुद्दे रास्त होते: रिकाम्या बीकरचा पुरावा, आडपडद्याच्या छिद्राचा वेगळा मोठा फोटो, आणि ‘फॉर्म-जीनस’ (आकारावरून पाडलेला वंश) हा शब्द काढा. जीवाश्मांसाठी संहितेत आता ‘जीवाश्म-टॅक्सॉन’ (जीवाश्मावरून केलेला, कोणत्याही श्रेणीचा गट) ही एकच संकल्पना आहे; जुन्या सवयीने आपण फॉर्म-जीनस लिहितो.

शेवटची पायरी परागविज्ञानवाल्यांच्या गावीच नसते. १ जानेवारी २०१३ नंतर छापलेल्या बुरशीच्या कोणत्याही नव्या नावाला मान्यताप्राप्त नोंदवहीचा क्रमांक लेखात छापलेला असावा लागतो, आणि यात जीवाश्म बुरश्या स्पष्टपणे येतात. मायकोबँक, इंडेक्स फंगोरम आणि फंगल नेम्स या तिन्हींपैकी कुठलीही एक चालते. परागकणाच्या नव्या जातीला हे बंधन नाही, म्हणून एकाच लेखात पराग आणि बुरशी दोन्ही असतील तर संपादकाच्याही नजरेतून सुटतं. क्रमांक नसेल तर बाकी सगळं चोख असूनही नाव वैध होत नाही.

नोंदणी फुकट आहे. मायकोबँकवर खातं उघडायचं, श्रेणी, नाव, लेखक, डायग्नोसिस, होलोटाइपचा संग्रह आणि क्रमांक, नियतकालिकाचं नाव भरायचं. नव्या वंशाला वेगळा क्रमांक, त्यातल्या जातीला वेगळा, आणि वंश बदललेल्या जुन्या जातीलाही वेगळा. हे शेवटचं हमखास विसरतं. लेख स्वीकारल्यावर आणि प्रूफ येण्याआधी हे करावं. आधी केलं आणि रिव्ह्यूअरने नाव बदलायला लावलं तर नोंदवहीत अनाथ क्रमांक पडून राहतो. लेख छापून येईपर्यंत नोंद झाकलेली असते. प्रूफमध्ये क्रमांकाचा एकेक अंक मोठ्याने वाचून ताडावा, एकाने स्क्रीनवरून आणि दुसऱ्याने प्रूफवरून.

आमच्या जातीचं नाव इथे देत नाही. ब्लॉगवर लिहिल्याने ते वैध होणार नाही, पण वर्णनाशिवाय बाहेर फिरू लागलं तर कुणीतरी ते उचलून यादीत घालतं आणि नुसतं उघडं नाव मागे लागतं. अंक छापून आला की मायकोबँकच्या नोंदीत खंड आणि पान भरायचं, संग्रहालयाला लेखाची प्रत पाठवायची आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये त्या स्लाइडपुढे ‘होलोटाइप’ अशी नोंद करून घ्यायची. ती आपोआप होत नाही, मागे लागावं लागतं.